दुखत नाही म्हणणारा माणूस

५ जानेवारी

दादा,

नमस्कार. वाकूनच केला आहे, पण कंबरेने अर्ध्यावर 'आता पुरे' म्हटलं. उरलेला तू मनाने पूर्ण करून घे.

पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. फोन केला तर तू नुसतं 'हं' म्हणून तो वहिनीच्या हातात देतोस. पत्राचं तसं नाही. पाकिटावर तुझं नाव आहे, ते तुलाच फोडावं लागतं. आईच्या शेवटच्या आजारात मी तिला माझ्या इस्पितळात आणलं आणि तुला ती घरच्या खिडकीपाशी हवी होती. ती गेली त्या दिवशी तू दारात थांबून म्हणालास, या इमारतीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. तू शब्दाचा पक्का. इतकी वर्षं गेली, तू आला नाहीस आणि मीही तो वाद उकरून काढला नाही. आजही काढत नाही. आज वेगळं काम आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वहिनीने मला काहीही सांगितलेलं नाही. तिचा फोन आला होता तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला. बोलता बोलता तिने एवढंच विचारलं, की शेजारच्या एका गृहस्थांना लघवीतून रक्त गेलं, लालभडक, आणि मग आपोआप थांबलं, तर काळजीचं काही नाही ना. गृहस्थ म्हणे तुझ्याच वयाचे, तुझ्यासारखेच निवृत्त मास्तर आणि तुझ्याहून तसूभरही कमी हट्टी नाहीत. तुमच्या शेजारी तर त्या शिवणकाम करणाऱ्या बाई एकट्या राहतात ना? असो. नवीन कुणी आलं असेल.

तर त्या गृहस्थांना माझा निरोप दे. रक्त थांबलं म्हणून खूश होऊ नका, आणि पुन्हा येईतो वाट तर मुळीच पाहू नका. एकदा जरी आलं तरी आत दुर्बीण घालून पाहायचं असतं. पुष्कळदा साधंच काही निघतं. कधी लघवीच्या पिशवीच्या भिंतीवर शेवाळासारखी एखादी वाढ धरलेली असते. ती वेळेत काढली तर माणूस पुढे खुशाल भांडायला मोकळा राहतो. वेळ दवडली तर मात्र ती भिंतीत मुरत जाते, आणि मग आमच्या हातात फार काही उरत नाही.

मी अजून शिकवतो. हात थरथरायला लागले तशी कापाकापी सोडली. तोंड अजून थरथरत नाही, म्हणून कॉलेजवाल्यांनी ठेवून घेतलंय. पहिल्या तासाला मी मुलांना नदी शिकवतो. पाचवीत आपल्याला नदीची एक कविता होती, आठवते? माझ्याकडून पाठ करून घेताना तू चुकलेल्या शब्दाला पट्टी आपटायचास, आणि मी रडत रडत समुद्रापर्यंत पोचायचो. त्या कवितांनी मला सोडलं नाही बघ. अजूनही आंघोळ करताना एखादी ओळ कुठूनशी येते आणि पुढची आठवेपर्यंत मी ओला उभा राहतो. मुलांसाठी मी माझीच चार चरणांची जोडाजोड केली आहे:

दोन डोंगर, दोन ओढे,
पाणी उतरे थोडे थोडे,
एका तळ्यात निजते सारे,
बांध उघडता वाट धरे.

डोंगर म्हणजे मूत्रपिंडं, ओढे म्हणजे त्यांतून उतरणाऱ्या मूत्रनलिका, तळं म्हणजे लघवीची पिशवी. आणि प्रोस्टेट म्हणजे बांधाशी ठाण मांडून बसलेला म्हातारा; वय वाढलं की फुगतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवतो. मुलं हसतात. पण परीक्षेत एकालाही ओढे चुकत नाहीत.

निरोप पोचव. गृहस्थांचं उत्तर काय ते कळव.

तुझा,
धाकटा


१२ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. अक्षर अजून तसंच, फळ्यावरून उतरवून घेतल्यासारखं. 'पक्ष: शेजारचे गृहस्थ ठणठणीत आहेत. साध्य: तू पत्रं पाठवणं बंद कर. सिद्धता: कुठेही दुखत नाही.' आणि खाली, 'ता. क. तुझ्या वहिनीला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत असताना तिच्या नावावर खपवू नकोस.'

बरं, नाही खपवत. गृहस्थांना घरी पाठवू, आपण दोघंच बोलू.

दादा, तुझी सिद्धता चुकली आहे. हे मी तुला म्हणतोय, ज्याला अख्खी शाळा पाठीमागे काटकोन म्हणायची! 'कुठेही दुखत नाही' यावरूनच तर मला झोप येत नाहीये. खडा असता तर दुखलं असतं. तू लोळला असतास, घर डोक्यावर घेतलं असतंस, आणि मी इथे निवांत चहा पीत बसलो असतो. न दुखता जे रक्त येतं ते जास्त वाईट. दुखणं निदान दार वाजवून येतं. हे चपला हातात घेऊन येतं.

मुलांची नेमकी हीच चूक होते. परवा वॉर्डात एकाने एका आजोबांना विचारलं, "आपल्या मूत्रविसर्जनात काही अडथळा?" आजोबा म्हणाले, "नाही साहेब, तसलं काही आमच्या घरात नाही." मुलाने लिहून घेतलं, अडथळा नाही. मी म्हटलं, अरे, लघवी म्हण. लघवी होते का, धार कशी येते, थांबून थांबून होते का, झाल्यावर पुन्हा जावंसं वाटतं का, कधी कपड्यांत होते का. माणसाला ज्या शब्दाने लाज वाटते तो शब्द आधी आपण उच्चारायचा, म्हणजे निम्मी लाज आपल्या अंगावर येते आणि त्याचा भार हलका होतो. पुढे त्याने विचारलं, दुखतं का? आजोबा म्हणाले, नाही. आणि पठ्ठ्या उठलाच. माझ्या वर्गात एक नियम आहे: दुखतं म्हणाला तर औषधाचा विचार करा, दुखत नाही म्हणाला तर खुर्ची पुढे ओढा.

या वर्षी एक मुलगी आहे, तिला सगळे कुजबूज म्हणतात. हुशार. पुस्तक कोळून प्यायलेली. पण पुरुष रोग्यापुढे बसली की आवाज घशातच राहतो. मागच्या परीक्षेत रोग्याने तिला तीनदा 'काय?' म्हणून विचारलं आणि ती रडत बाहेर आली. आता पुन्हा परीक्षा आहे.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. मुलांना सरावासाठी आम्ही खोटा रोगी बसवतो. त्याला एक कागद देतो, तुला काय होतंय ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि मुलं प्रश्न विचारून ते काढून घेतात. नेहमी येणारे निवृत्त पोस्टमास्तर मुलीकडे गेलेत. मला असा माणूस हवा, जो मुलांना घाबरणार नाही आणि मुलं ज्याला थोडी घाबरतील. वर्ग कॉलेजच्या इमारतीत भरतो, रस्त्याच्या अलीकडे. इस्पितळ पलीकडे आहे. तुझा शब्द मोडत नाही.

यात माझा डाव आहे का? आहे. तू इथे आलास तर निदान डोळ्यांनी दिसशील. बाकी काही ठरवलेलं नाही. पण दादा, सोंग नको असेल, तर सरळ तुझ्या गावातल्या डॉक्टरकडे जा. माझ्याकडेच यायला हवं असं नाही. कुठेही जा, पण जा.

तुझा,
धाकटा


१७ जानेवारी

दादा,

येतोस! वहिनीचा फोन आला तेव्हा मी मुलांच्या वह्या तपासत होतो, एकाला चुकून दोनदा 'उत्तम' दिलं.

तुझ्या अटी मान्य आहेत. स्टेशनवर घ्यायला येत नाही. माझ्याकडे जेवायला थांबण्याचा आग्रह करत नाही. तास चालू असताना मधे तोंड घालत नाही. रस्ता ओलांडायचा विषय काढत नाही. आईचा विषय काढत नाही.

सोबत तुझा कागद. तुला मूतखडा झालेला आहे. पाठीतून कळ निघते, पुढे जांघेत उतरते, बसवत नाही, उभं राहवत नाही, उलटी होते. दुखतं का विचारल्यावर 'मरणाचं दुखतं' म्हणायचं. शाळेच्या नाटकात तू सेनापती झाला होतास आणि पडल्यावरही पडदा पडेपर्यंत बोलत राहिला होतास. तेवढं करू नकोस.

तुला प्रश्न विचारायला कुजबूज दुसऱ्या नंबरावर आहे. तिच्यावर ओरडू नकोस रे.

धाकटा


२४ जानेवारी

दादा,

काल जे झालं ते तुला ठाऊकच आहे, तू तिथे होतास. पण तू समोर बसला होतास आणि मी शेवटच्या बाकावर. तिथून जे दिसलं ते लिहितो.

तू वर्गात शिरलास आणि रोग्याच्या खुर्चीकडे न जाता आधी फळा पुसलास. कुणी सांगितलं नव्हतं. पोरं आपोआप सरळ बसली. टेबलावर प्लॅस्टिकचं मूत्रपिंड होतं, ते उपडं पडलं होतं, तेही तू उभं केलंस. मग खुर्चीवर असा बसलास जसा तपासणीसाठी आलेला साहेब.

पहिल्या मुलाबरोबर तू खडा झकास वठवलास. कण्हलास, कंबर धरलीस, वहिनी माझ्या शेजारी तोंडावर हात ठेवून हसत होती. मुलगा मान खाली घालून लिहीत होता, तेव्हा तू कण्हणं थांबवून म्हणालास, "मी इथे मरतोय आणि तू शुद्धलेखन करतोस?" वर्गात एवढा हशा मी बऱ्याच वर्षांत ऐकला नाही.

मग कुजबूज आली. कागद तोच, खडा तोच. तिचे ओठ हलले. तू म्हणालास, "शेवटच्या बाकाला ऐकू आलं पाहिजे." ओरडला नाहीस. माझ्याकडून कविता म्हणवून घेताना ओरडायचास तसा नाही. तिने पुन्हा विचारलं, या वेळी मलाही ऐकू आलं, "आजोबा, लघवी करताना दुखतं का?"

तू तिच्याकडे पाहत राहिलास. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलंस.

"नाही," म्हणालास. "अजिबात नाही."

मुलांना वाटलं, म्हातारा पाठांतर विसरला. कुणी तरी मागून 'मरणाचं, मरणाचं' असं सुचवलंही. शेजारी वहिनीचं हसू थांबलं. आणि त्या पोरीने, दादा, कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची पुढे ओढली.

काय होतं मग, तिने विचारलं. तू सांगितलंस, लाल होते. सगळीच की शेवटी शेवटी? सगळीच. गुठळ्या? एकदा. पहिल्यांदा केव्हा? तू म्हणालास, पावसाळा सरता सरता. म्हणजे वहिनीला कळलं त्याच्या कितीतरी आधी! वहिनीने माझं मनगट धरलं ते मग सोडलंच नाही. सिगारेट ओढता का, या प्रश्नावर तू म्हणालास की नोकरी लागल्यापासून, शाळेच्या मैदानामागे, मुलं जिथे चोरून ओढायची तिथेच, त्यांच्यावर लक्ष ठेवायच्या निमित्ताने. पण या वेळी कुणी हसलं नाही. वर्गाला कळलं होतं.

"कुणाला सांगितलं का नाही, आजोबा?"

"दुखत नव्हतं ना. म्हटलं, दुखेल तेव्हा सांगू."

मी उठलो नाही, दादा. उठावंसं फार वाटलं. पण मी उठलो असतो तर तू तिथेच थांबला असतास, आणि तिलाही तिचा आवाज पुन्हा सापडला नसता. बाकाची कड धरून बसलो.

मग तू तिला विचारलंस, परीक्षेत रोगी विचारतो तसं, की मग मला झालंय तरी काय. ती पुटपुटली. तू म्हणालास, ऐकू येत नाही. ती उभी राहिली. उभं राहायचं नसतं, पण राहिली. या वेळी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "आत गाठ असू शकते, आजोबा. नसेलही. पण पाहिल्याशिवाय मी तुम्हाला घरी जाऊ देणार नाही."

वही तपासताना एखादं गणित वेगळ्याच रीतीने सोडवलेलं आढळलं की तू मान तिरकी करून पाहायचास, तसं तिच्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "उत्तर बरोबर आहे."

आणि तिच्या डोक्यावरून थेट माझ्याकडे पाहिलंस. इतक्या वर्षांनी तू माझ्याशी बोललास ते वर्गभर मुलांच्या देखत. "बघतोस काय? हिला पूर्ण गुण दे. जाऊ आपण पलीकडे." मग वहिनीकडे न पाहता, जरा हळू, "पण तपासायला तू येऊ नकोस. आईलाही तू शेवटपर्यंत तपासतच राहिलास. येणार असलास तर भेटायला ये."

तू त्या मुलीबरोबर रस्ता ओलांडलास. मी अलीकडेच उभा राहिलो. वहिनी मागे वळून मला 'या ना भाऊजी' म्हणाली, तरी थांबलो. तुझं वाक्य गिळायला मला वेळ हवा होता. दादा, मी आईची नाडी धरायचो तेव्हा तिचा हातही धरलेलाच असतो, असं मी धरून चाललो होतो. तिला तसं वाटत होतं की नाही हे मला सांगता येणार नाही. तुला येईल, तू तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसलेला असायचास. कधी तरी सांग. घाई नाही.

विभागाच्या मॅडम माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, वाढ आहे असं सांगितलं, आणि तुला भूल देऊन काढायची तारीख दिली. संध्याकाळी त्या कॉलेजात येऊन हे मला सांगून गेल्या, तेव्हा मी फक्त ऐकून घेतलं. एकही प्रश्न विचारला नाही. मॅडमनाच चमत्कारिक वाटलं असावं, जाताना म्हणाल्या, "सर, बरं आहे ना?"

तुझा,
धाकटा


२ फेब्रुवारी, शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर

दादा,

तू आत आहेस. मी बाकावर आहे. वहीचं पान फाडून मांडीवर लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

या बाकासमोरून मी उभं आयुष्य ये-जा केली, कधी बसलो नव्हतो. मधली फळी ढिली आहे. कुणी बसलं-उठलं की सगळ्यांनाच कळतं. भिंतीला लोकांच्या डोक्याच्या तेलाचे गोल गोल डाग आहेत. दाराबाहेर चपलांची रांग, आणि प्रत्येकजण अधूनमधून आपल्या माणसाच्या चपलेवर नजर टाकून घेतो, जणू ती तिथे आहे तोवर सगळं ठीक आहे. तुझ्या चपलेची टाच झिजलेली आहे. मीही पाहतोय.

शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचं कोण आत आहे? म्हटलं, मोठा भाऊ. त्या म्हणाल्या, डॉक्टर चांगले आहेत हो इथले, माझ्या पुतण्याचे मोठमोठे खडे काढले. मी म्हटलं, हो, असं ऐकलंय. वहिनी तिकडे तोंड करून हसली. मग म्हणाली, "भाऊजी, पाय हलवणं थांबवा. बाक डुलतोय, मला मळमळायला लागलंय." थांबवलं. थोड्या वेळाने बाक पुन्हा डुलू लागला, तर ती हलवत होती.

मला एक कविता आठवायची होती. कोणतीही चालली असती. एवढ्या पाठ आहेत, उगाच मिरवतो, आणि आज एकीची पहिली ओळसुद्धा येईना. तू आत होतास. पुढचा शब्द सांगणार कोण?

मग दार उघडलं. हिरवी टोपी घातलेली आपली कुजबूज. तिने मला पाहिलं, ओळखलं, आणि तरी नियमाप्रमाणे सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. मी आधी उठलो. "मी. धाकटा भाऊ."

तिने सांगितलं, वाढ एकच होती, डाव्या ओढ्याच्या तोंडाशी. पूर्ण काढली. खालची भिंत मॅडमना स्वच्छ दिसतेय. तुकडा तपासायला पाठवलाय, कळायला आठवडा लागेल, आणि पुढे दर काही महिन्यांनी पुन्हा आत पाहायला यावं लागेल. दादा, हीच वाक्यं मी जन्मभर याच दारात उभं राहून लोकांना सांगत आलो. ती मला कळली नाहीत. म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. मग मी तेच विचारलं जे सगळे विचारतात आणि ज्याला मी नेहमी मनात हसायचो. "घाबरण्यासारखं नाही ना?"

ती म्हणाली, "आठवडाभर काहीच सांगता येणार नाही, काका. पण वेळेत आलेत." काका म्हणाली. सर नाही.

वहिनी आता रडून घेतेय, रडू दे. तुला वर खाटेवर नेलंय. भुलीत तू काय बडबडलास ते कुजबूजने सांगितलं नाही, पण मॅडमना फळा पुसायला सांगितलास एवढं बाहेर आलंय.

हे पान वहिनीच्या हाती आधी वर पाठवतो, तिच्याकडे सोबतीचा पास आहे. भेटायची वेळ चार वाजता आहे. मी कधी ती पाळली नव्हती, डॉक्टरला कोण अडवतो? आज दारावरच्या माणसाने मला पाहून नेहमीप्रमाणे दार उघडलं, तर म्हटलं, नको, चार वाजू देत. तो गोंधळला. मी नातेवाइकांच्या रांगेत उभा आहे. कोट खाली खुंटीला अडकवला आहे, कानातली नळीही त्याच्याच खिशात राहिली. हात अगदी मोकळे आहेत. खाटेजवळचं स्टूल कुणाला देऊ नकोस.

धाकटा